आकाश हवंय? कन्हानचा पूल ओलांडा!

ग्रह गच्चीवरूनही दिसतात, धूमकेतूला अंधार लागतो आणि लघुग्रहाला चिकाटी. नागपूरच्या ईशान्येला जाणाऱ्या एकाच रस्त्यावर या तिन्ही गोष्टी भेटतात. टाकी फुल करा, मोबाइल सायलेंटवर टाका आणि निघा!

शुक्रवारी संध्याकाळी लॉग आउट केलं की नागपूरकरासमोर तेच ते तीन पर्याय असतात. मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर सावजी. चौथा पर्याय डोक्यावरच असतो, पण तो कोणाला आठवत नाही. आणि आठवला तरी दिसत नाही! धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवर जा, मान वर करा आणि तारे मोजा. फार वेळ लागणार नाही, मोजदाद लवकरच आटोपते. बाकी सगळं राखाडी-नारिंगी धुक्यासारखं काहीतरी. लहानपणी आजीच्या गावी अंगणात बाज टाकून पाहिलेलं ते खच्चून भरलेलं आकाश गेलं कुठे मग?

कुठेच गेलं नाही. ते कन्हानच्या पलीकडे आहे.

कामठी सोडली की नदी लागते. नदीवर ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल, त्याच्या जोडीला नवा पूल आणि पलीकडे कन्हान. नागपूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. रामटेकला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो आणि जबलपूरकडे जाणारे ट्रक याच पट्ट्यातून धडधडत उत्तरेला जातात. गंमत बघा, नागपूरला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच बाजूने येतात. पाणी पेंच आणि कन्हान या नद्यांचं. वीज कोराडी आणि खापरखेड्याची. कोळसा वेकोलिच्या खाणींचा. या यादीत आता आणखी एका गोष्टीची भर टाका. अंधार! तो शहरात तयार होत नाही. पाण्यासारखाच तोही वरच्या अंगाने आणावा लागतो. खरं तर तो आणता येत नाही, आपल्यालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं.

पहिला मुक्काम : कन्हान आणि ग्रह

सुरुवात सोप्यापासून करू. ग्रह बघायला जंगलात जावं लागत नाही. शुक्र, गुरू, मंगळ, शनी हे सगळे इतके तेजस्वी असतात की कन्हानच्या कुठल्याही घराच्या गच्चीवरून आरामात दिसतात. (पुलावर गाडी थांबवून बघू नका, बाप्पा! हायवेचं ट्रॅफिक आकाशाकडे बघत नाही.) कन्हानला एखादा मित्र, मैत्रीण, मावशी, काका असतील तर आज त्यांना फोन लावा. गच्ची, चटई आणि चहाचा थर्मास एवढ्यावर काम भागतं.

ग्रह ओळखायचा कसा? तारा लुकलुकतो, ग्रह बहुतेक वेळा स्थिर प्रकाशाने तेवतो. तारा इतका लांब असतो की त्याचा प्रकाश आपल्याकडे एका बिंदूतून येतो आणि हवेच्या हालचालीने तो थरथरतो. ग्रह जवळ असल्यामुळे त्याची एक छोटीशी चकती असते. चकतीच्या वेगवेगळ्या भागांतून येणाऱ्या प्रकाशाची थरथर एकमेकांत मिसळून जाते. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही लुकलुकू शकतो, म्हणून तो थोडा वर येऊ द्या.

दुसरी खूण जास्त पक्की. तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत, ग्रह हलतात. आणि ते कुठेही भटकत नाहीत, सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यातून जातात त्याच राशींच्या पट्ट्यातून जातात. म्हणून आधी स्थिर चित्रं पाठ करायची. मृगाचे ओळीतले तीन तारे, कृत्तिकांचा पुंजका, वृश्चिकाची वाकडी नांगी, उत्तरेचे सप्तर्षी. विदर्भातल्या आणि आसपासच्या गोंड गावांनी या चित्रांना स्वतःची नावं दिली आहेत. मुंबईच्या टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्रातल्या पंधराएक गोंड गावांत फिरून लोकांना विचारलं आणि त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. या आकाशात सप्तर्षींच्या जागी कोणी ऋषी नाहीत. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि उरलेले तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर! खाट जागेवर, चोरही जागेवर, गेली हजारो वर्षं. या सगळ्यात जो जागा बदलताना सापडेल, तो ग्रह.

कन्हानला एक फायदा फुकटात मिळालाय. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे ग्रह ज्या पट्ट्यातून जातात तो पट्टा आपल्याकडे बराच उंचावरून जातो. लंडनच्या हौशी निरीक्षकाला जो ग्रह घरांच्या छपरांवर रेंगाळताना दिसतो, तोच आपल्याकडे डोक्यावर येतो. जानेवारी २०२६ मध्ये मिथुन राशीतला गुरू मध्यरात्री जवळजवळ थेट माथ्यावर होता. जितका ग्रह उंच, तितकी मधली हवा कमी आणि चित्र तितकं स्वच्छ.

साधं १० × ५० चं बायनॉक्युलर घ्या, हात भिंतीला टेकवून स्थिर करा आणि गुरूकडे लावा. बाजूला एका रेषेत दोन-तीन, कधी चारही ठिपके दिसतील. हे गुरूचे चंद्र. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले ते हेच. दुसऱ्या दिवशी परत बघा, ठिपक्यांची मांडणी बदललेली असेल. पृथ्वी सोडून दुसऱ्या कशाभोवती काहीतरी फिरतंय, हे माणसाने असंच पाहिलं आणि मग जगाचा नकाशाच बदलावा लागला. शनीची कडी बघायला मात्र छोटी दुर्बीण हवी. मार्च २०२५ मध्ये ही कडी आपल्याकडे कडेवर वळली होती आणि जवळजवळ गायबच झाली होती. त्यानंतरच्या वर्षांत ती हळूहळू उघडत जातात. कॅलेंडरवर खूण करायची असेल तर फेब्रुवारी २०२७ वर करा. त्या एकाच महिन्यात गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीत, म्हणजे आपल्या दृष्टीने सूर्याच्या बरोबर समोर येतात. सूर्य मावळला की हे उगवणार आणि रात्रभर राहणार. मंगळ असा दर २६ महिन्यांनी एकदाच सापडतो.

मधला पट्टा : हा उजेड येतो कुठून?

ग्रह मनसोक्त बघून झाले की त्याच गच्चीवर एक प्रयोग करा. चारही दिशांना सावकाश नजर फिरवा. नैऋत्येला नागपूर. पश्चिमेला कोराडी, त्याच्या किंचित उत्तरेला खापरखेडा. आसपास कामठी, गोंडेगाव, इंदर इथल्या खुल्या खाणी. या सगळ्यांच्या डोक्यावर क्षितिजापासून वर चढत गेलेला उजेडाचा घुमट दिसेल. ईशान्येला, रामटेकच्या बाजूला, आकाश त्यामानाने काळं. एकाच गच्चीवरून दोन वेगवेगळी आकाशं!

हा घुमट तयार होतो साध्या कारणाने. दिव्याचा जो उजेड खाली रस्त्यावर पडण्याऐवजी आडवा किंवा वर जातो, तो हवेतल्या धुळीवर, धुरावर आणि बाष्पावर आपटून सगळीकडे विखुरतो. विखुरलेला उजेड परत आपल्या डोळ्यांत येतो आणि मंद तारे त्यात बुडून जातात. तारे विझत नाहीत, त्यांच्या पुढचा पडदा उजळतो. कोळशाची धूळ आणि हिवाळ्यातलं धुकं जितकं जास्त तितका पडदा जाड. त्यातही निळसर पांढऱ्या एलईडीचा उजेड पिवळसर दिव्यापेक्षा हवेत जास्त विखुरतो. म्हणजे वीजबिल वाचवणारा दिवा चुकीचा निवडला, चुकीच्या दिशेने लावला, तर तोच आकाश जास्त बिघडवतो.

मोजमाप हवं असेल तर कृत्तिका मोजा. हिवाळ्यात संध्याकाळी त्या डोक्यावर असतात. चंद्र नसताना चांगल्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी सहा-सात तारे सहज दिसतात, तीक्ष्ण नजरेला त्याहून जास्त. शहरात पुष्कळदा नुसता एक डाग दिसतो. कन्हानला किती दिसले तो आकडा तारखेसकट मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

दुसरा मुक्काम : धूमकेतूची वेळ पाळा

ग्रह उजेडाला भीक घालत नाहीत. धूमकेतूचं तसं नाही. त्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला नसतो. तो पसरलेला असतो, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा. आकडा सांगतो की धूमकेतू अमुक एका ताऱ्याइतका तेजस्वी आहे, पण ते तेज मोठ्या डागावर पसरलेलं असतं. म्हणून तेवढाच तारा शहरातून दिसतो आणि धूमकेतू दिसत नाही.

मराठीत त्याला शेंडेनक्षत्र असाही शब्द आहे. शेंडी असलेलं! ही शेंडी म्हणजे काय ते १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी मांडलेल्या चित्रातून कळतं. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा मळकट गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची थेट वाफ होते, धूळ सुटते आणि शेपटी फुलते. शेपटी मागे राहिलेल्या धुरासारखी असते असा पुष्कळांचा समज असतो. पण ती नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते. सूर्यापासून परत जाताना धूमकेतू शेपटी पुढे करून जातो!

आता आपण काय काय हुकवलं ते बघा. १२ ऑक्टोबर २०२४, दसरा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, शहरभर रोषणाई. नेमका त्याच दिवशी त्सुचिनशान-अ‍ॅटलस हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वात जवळ होता, सुमारे सात कोटी किलोमीटरवर. पुढचे काही दिवस सूर्यास्तानंतर पश्चिमेला तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा होता. पण लगेच कोजागिरी आली आणि पौर्णिमेच्या चंद्राने आकाश धुऊन काढलं. दुसरा दाखला २१ ऑक्टोबर २०२५ चा, लक्ष्मीपूजनाचा. त्या दिवशी लेमन हा धूमकेतू सर्वात जवळ आला होता, सुमारे नऊ कोटी किलोमीटर. अमावास्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही. पश्चिमेला भूतप तारकासमूहात त्याची मंद शेपटी. आणि खाली आपण सगळे फटाक्यांच्या धुरात! तो परत येईल, पण हजाराहून अधिक वर्षांनी.

संध्याकाळचा धूमकेतू बहुधा पश्चिमेलाच असतो, कारण तो सूर्याच्या आसपास असताना सर्वात तेजस्वी होतो. आणि कन्हानची पश्चिम म्हणजे कोराडी-खापरखेड्याचं क्षितिज. म्हणून धूमकेतूसाठी गाडी आणखी पुढे काढायची. मनसर मागे टाका, हवं तर रामटेकला वळा. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं मानतात. ढगाला निरोप सांगणाऱ्या त्या यक्षाचं ठीक होतं, आपल्याला मात्र एकही ढग चालणार नाही! उजेडाचे घुमट इथून दक्षिणेला मागे पडू लागतात आणि पश्चिमेचं क्षितिज मोकळं होतं.

धूमकेतू एकट्याने शोधणं अवघड, घोळक्यात सोपं. हौशी मंडळींची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. मुंबईतलं खगोल मंडळ हॅलेच्या वेळच्या उत्साहातून उभं राहिलं आणि मध्य रेल्वेवरच्या वांगणीला रात्रभर आकाश दाखवण्यासाठी ओळखलं जातं. नागपूरला रामन विज्ञान केंद्राचं तारांगण आहे. आधी तिथे बसून आकाशाची ओळख करून घेतली तर बाहेर अंधारात चाचपडावं लागत नाही. आणि हॅलेचं म्हणाल तर १९८६ मध्ये येऊन गेलेला तो धूमकेतू २०६१ मध्ये परत येतोय. आज पंचविशीत असाल तर तेव्हा साठीच्या आसपास असाल. रिटायरमेंट प्लॅनिंगमध्ये लिहून ठेवायला हरकत नाही.

तिसरा मुक्काम : लघुग्रह आणि चिकाटी

लघुग्रह दिसायला सगळ्यात कंटाळवाणा. शेपटी नाही, कडी नाही, चंद्र दिसत नाहीत. दुर्बिणीतूनही तो निव्वळ ताऱ्यासारखा दिसतो. मग बघायचं काय? त्याचं हलणं!

पद्धत वहीची. बायनॉक्युलरमध्ये दिसणारे सगळे ठिपके कागदावर काढायचे. एक-दोन दिवसांनी तोच भाग परत काढायचा. दोन चित्रांत जो ठिपका सरकला असेल तो लघुग्रह. वेस्टापासून सुरुवात करा. हा सगळ्यात तेजस्वी लघुग्रह, १८०७ मध्ये सापडलेला. चांगल्या प्रतियुतीला खूप अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसतो, बायनॉक्युलरमधून मात्र सहज. त्या काळात तो रोज साधारण अर्ध्या चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. व्यास सुमारे सव्वापाचशे किलोमीटर, म्हणजे नागपूरहून हैदराबाद गाठावं साधारण तेवढा एक दगड!

पहिल्या लघुग्रहाची गोष्ट तर डेडलाइनवाल्यांनी ऐकावी अशी आहे. १ जानेवारी १८०१ ला, अख्खं जग नव्या शतकाचं स्वागत करत असताना, सिसिलीतल्या पालेर्मो इथे पियाझ्झी कामावर होते. त्यांना एक सरकणारा ठिपका दिसला. तो सेरेस. थोडे आठवडे निरीक्षणं झाली आणि सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. परत सापडणार कसा? गाऊस नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा गणिताने काढून दिली आणि वर्ष सरता सरता सेरेस परत सापडला. सेरेसला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, पण लघुग्रहांचा शोध सुरू झाला तो त्याच्यापासून. आज चौदा लाखांहून जास्त लघुग्रह नोंदले गेलेत. नवे शोधायला स्वतःची दुर्बीणही लागत नाही. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन या उपक्रमात मोठ्या दुर्बिणींनी काढलेली छायाचित्रं फुकट मिळतात आणि सरकणारे ठिपके घरच्या लॅपटॉपवर शोधायचे असतात. भारतातली कितीतरी शाळा-कॉलेजातली मुलं हे करतात.

ज्याला ठिपक्यात रस वाटत नसेल त्याने काटोलची गोष्ट ऐकावी. २२ मे २०१२ ची टळटळीत दुपार. काटोल आणि आसपासच्या भागात आकाशातून दगड पडले. आपल्याच जिल्ह्यात! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांचे तुकडे जमा केले. ती एका लघुग्रहाची कपची होती. पुढे आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडात ब्रिजमनाइट नावाचं खनिज शोधून काढलं आणि २०२१ मध्ये ते जगापुढे मांडलं. पृथ्वीच्या पोटात हे खनिज सगळ्यात जास्त आहे, पण साडेसहाशे किलोमीटरच्याही खाली. तिथवर खणून जाणं कोणाला शक्य नाही. लघुग्रहांच्या टकरीत क्षणभर तेवढाच प्रचंड दाब आणि उष्णता तयार झाली आणि ते काटोलच्या दगडात गोठून राहिलं. मोठा दगड पडला तर काय होतं ते बघायला बुलढाणा जिल्ह्यात जा. लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, अशाच धडकेतून झालंय.

पण आकाशातून जळत येणारी प्रत्येक गोष्ट उल्का नसते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भासह राज्याच्या बऱ्याच भागांतून लोकांनी जळत्या गोळ्यांची रांग सरकताना पाहिली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच कल्लोळ झाला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा वापरून झालेला भाग होता. फरक ओळखायला घड्याळ पुरतं. उल्का एक-दोन सेकंदांत, फार तर थोड्या जास्त वेळात संपते. रॉकेटचे तुकडे त्यामानाने सावकाश, पुष्कळ वेळ सरकत राहतात.

लघुग्रहाचा सगळ्यात सोपा शो मात्र दर वर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो. मिथुन राशीतून उधळणाऱ्या उल्का म्हणजे फेथन नावाच्या लघुग्रहाची धूळ. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा थोड्या अपवादांपैकी एक. बायनॉक्युलर नको, दुर्बीण नको. चादर, स्वेटर आणि अंधार, बस्स! आणि १३ एप्रिल २०२९ चा शुक्रवार लक्षात ठेवा. अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही अलीकडून. भारतात तेव्हा १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनचा सुमार असेल. धडकणार नाही, हे पक्कं आहे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांना दिसेल असा अंदाज आहे.

शेवटचा मुक्काम : जिथे दिवे वळवले

मनसरच्या पुढे पवनीहून आत वळलं की सिल्लारी. नागपूरपासून साधारण सत्तर किलोमीटर. इथून शहर दक्षिणेला राहतं आणि पश्चिमेला जंगल. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. भारतातलं पहिलं, आशियातलं पाचवं! वाघोलीच्या तलावाजवळ आकाश बघण्यासाठी वेधशाळा उभी राहिली आहे.

ही मान्यता निव्वळ जंगल आहे म्हणून मिळाली नाही. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या चार गावांतले रस्त्यावरचे आणि सार्वजनिक जागेतले शंभराहून जास्त दिवे बदलले गेले. दिवे काढून टाकले नाहीत. गावं अंधारात ढकलली नाहीत. उजेड फक्त जमिनीकडे वळवला. रस्ता दिसतो, विंचू-काटा दिसतो, आणि आकाशही दिसतं. आकाश वाचवायचं म्हणजे कंदिलाच्या काळात परत जायचं, अशी जी भीती घातली जाते तिचं उत्तर या चार गावांनी देऊन टाकलंय.

आता उलटा प्रवास डोळ्यापुढे आणा. पेंच नदी खाली येऊन कन्हानला मिळते. सिल्लारीहून आपणही त्याच दिशेने खाली येतो. जंगलातला अंधार राखला गेला, कारण तिथे वाघ आहेत. पण कन्हानच्या पोरांनी आकाश बघायचं झालं तर दर वेळी जंगलापर्यंत का जायचं? ज्या पट्ट्यातून अख्ख्या शहराला वीज आणि पाणी जातं, त्या पट्ट्याला स्वतःचं आकाश नको? खाणीत रात्री काम चालतं, तिथे दिवे लागणारच. स्टेशनला लागणार, चौकात लागणार. पण प्रश्न दिव्यांच्या संख्येचा नाही, त्यांच्या तोंडाचा आहे. तोंड खाली असेल तर तोच दिवा कामही करतो आणि वरचं काही बिघडवत नाही. कन्हान काय आणि बेसा-मनीषनगरची तुमची सोसायटी काय, नियम एकच. पार्किंगमधला तो आडवा फ्लडलाइट खाली वाकवायचा, त्यावर झाकण बसवायचं, जमलं तर पिवळसर बल्ब लावायचा. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरनंतर दोन मिनिटं या विषयाला मागून घ्या.

निघण्याआधी

• अमावास्येच्या आसपासचा वीकेंड निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश सर्वात चांगलं. जून ते सप्टेंबर ढगांचं राज्य, तेव्हा घरी बसून स्टेलेरियमवर सराव करा.

• डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा मोबाइल बघितला की परत पहिल्यापासून सुरू! टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा.

• मंद धूमकेतूकडे थेट रोखून बघू नका. नजर किंचित बाजूला ठेवा, डोळ्याच्या कोपऱ्यातून मंद गोष्टी जास्त चांगल्या दिसतात.

• पहिलीच खरेदी दुर्बिणीची नको. आधी बायनॉक्युलर, मग ग्रुपमधल्या कोणाची तरी दुर्बीण, आणि वर्षभर नाद टिकला तरच स्वतःची.

• सिल्लारी, वाघोलीला जाण्याआधी वनविभागाकडे चौकशी आणि बुकिंग करा. रात्री कोअर-बफरच्या रस्त्यावर गाडी थांबवून उतरणं म्हणजे आकाश बघणं नव्हे, वाघाला आमंत्रण देणं.

• विदर्भातली हिवाळी पहाट बोचरी असते. कानटोपी न्या, फॅशन राहू द्या. परतताना तर्री-पोह्याचा पहिला गंज जिथे उघडला असेल तिथे थांबा.

आणि हो, कृत्तिका! घरच्या गच्चीवरून किती दिसल्या, कन्हानहून किती, सिल्लारीहून किती, हे तीन आकडे एकाखाली एक लिहा. पुढच्या डिसेंबरला परत मोजा, त्याच गच्च्यांवरून. मधला आकडा वाढलाय की कमी झालाय, यावरून कळेल की अंधार शहराकडे सरकतोय की जंगलाकडे पळतोय.